उंचीपेक्षा गारठा बघा

कड्यावरून तळ्यात उडी मारण्यावरच्या तुमच्या लेखात उडीचं वर्णन फर्मास जमलंय, पण पाण्याच्या गारठ्याला एकच ओळ? डोंगरातल्या तळ्यात बरेचदा बर्फ वितळून आलेलं पाणी असतं. वरचा थर उन्हाने कोमट, खाली पाय गेले की बोचरं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की नकळत जोराचा श्वास ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर कठीण आहे. आधी काठाने उतरून श्वास ताळ्यावर येऊ द्यावा, त्याच फेरीत तळही चाचपावा. १० मीटरवरून आदळताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो, त्यामुळे सूर नको, पाय खाली, हात अंगालगत. आणि ‘काही होत नाही रे’ म्हणणाऱ्या मित्राला आधी उतरवा!