चौकटीला बांधलेला माउस पॅड

आमचं ऑफिस सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आहे म्हटलं की लोक "वा, नशीबवान आहात!" म्हणतात. त्यांच्या कपाळाला टेंगूळ नसतं.

बाहेरचा दरवाजा हत्ती जाईल एवढा, पण तो उघडायचा नाही. उघडायची ती त्यातली दिंडी, म्हणजे छोटं दार. आधी पाय उंबऱ्यापलीकडे, मग मान, मग लॅपटॉपची पिशवी. क्रम चुकला की आपण आत आणि पिशवी बाहेर. शत्रूला वाकून यावं लागलं की त्याची मान आयती सापडायची म्हणे. आता शत्रू येत नाहीत. रोज सकाळी दहाला आम्हीच येतो.

पहारेकऱ्यांच्या देवडीत रिसेप्शन आहे, माजघरात अकाउंट्स. साहेब देवघरात बसतात, त्यामुळे पगारवाढ मागायला गेलं की हात आपोआप जोडले जातात. धान्य साठवायच्या बळदात सर्व्हर ठेवलाय, आणि दोन हात जाडीच्या भिंतीतून वायफाय काही बाहेर पडत नाही. रेंज मिळते ती फक्त चौकात, तुळशीपाशी. दुपारी तिघंचौघं कानाला फोन लावून तिच्याभोवती फिरत असतात. कुरिअरवाला एकदा चपला काढून आत आला.

वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. आम्ही त्यांना आजी म्हणतो. आमच्या डोक्यावर कडीपाट आहे, म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. आजींनी खलबत्त्यात दाणे कुटायला घेतले की ती माती थेट माझ्या कीबोर्डवर. तक्रार केली तर म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून पडतेय. संपेल हो."

साहेबांकडे गेलं की ते विश्रामबागवाड्याचा दाखला देतात. दुसऱ्या बाजीरावाचा एवढा मोठा वाडा, पण १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली, खाली पोस्ट आलं. "कुणी कुरकुर केली का?" १८७९ मध्ये त्या वाड्याला आग लावली गेली होती, हे मात्र साहेब सांगत नाहीत.

पण खरं दुखणं माजघराच्या चौकटीचं. सागवान इतकं जुनं की खिळा मारला तर खिळाच वाकतो. वरच्या पट्टीवर मधोमध वीतभर जागा गुळगुळीत झालीय, आरशासारखी चकाकते. ते पॉलिश सुताराचं नाही, आमच्या कपाळांचं आहे. शेवटी मी तिथे जुना माउस पॅड सुतळीने बांधला.

परवा एक सहा फुटी मुलगा कामावर रुजू झाला. मी ओरडलो, "डोकं सांभाळ!"

"काय म्हणालात?" म्हणून त्याने मान वर केली. माउस पॅडच्या बरोब्बर दोन बोटं बाजूला आवाज झाला. कीबोर्डवर थोडी माती पडली.

वरून आजी म्हणाल्या, "नवीन दिसतोय. जुने एवढ्या जोरात नाही आपटत."