फायनल ड्राफ्टला माझी ना नाही, पण आपल्या स्क्रिप्टला दोन लिप्या लागतात

निपाणीकर, पटकथा लिहायच्या साधनांवरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप दोन. सगळी इंडस्ट्री फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरवर लिहिते, आणि मी मात्र स्वस्तातली साधनं सुचवून नव्या पोरांना मागे ठेवतोय. वर ‘हॉलिवूडला चालतं ते बेळगावला का चालू नये?’ हा टोमणा, आणि पुतण्यानं फायनल ड्राफ्ट विकत घ्यावं का हा प्रश्न.

पहिलं मान्यच आहे. शूटिंगच्या आधी पानं लॉक करायची, मागाहून घातलेल्या सीनमुळे जुने नंबर हलू द्यायचे नाहीत, प्रत्येक दुरुस्तीच्या पानांना वेगळा रंग, ही सोय तिथं पक्की आहे. त्याची एफडीएक्स नावाची फाइल शूटिंगच्या शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही जाते. इंग्रजीत लिहून मोठ्या युनिटबरोबर काम करायचं असेल तर जरूर घ्या. किंमत मात्र बऱ्याच हजारांत जाते. तेवढ्यात बऱ्यापैकी माइक येतो, आणि आपल्याकडच्या शॉर्टफिल्म आवाजातच मार खातात. असो.

खरी अडचण पैशांची नाही. आपल्या भागातली गोष्ट एका लिपीत मावतच नाही. खानापूरच्या बसमधला सीन घ्या. कंडक्टर कन्नडमध्ये विचारतो, म्हातारी मराठीत उत्तर देते, आणि चार वाक्यांत दोघांनीही भाषा बदललेली असते. आपला पोरगा हे सगळं देवनागरीत लिहून मोकळा होतो: ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) आता कंडक्टरचं काम धारवाडच्या नटाकडे असेल, तर त्याला ती ओळ कन्नड लिपीत पाहिजे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओचंही तेच. आपण टाइप करताना दोन्हींना एकाच मात्रेत बसवतो. उलट आजीचं काम करणाऱ्या बाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे एकाच पानावर दोन्ही लिप्या धड उमटल्या पाहिजेत.

फायनल ड्राफ्टला ११व्या आवृत्तीत युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची सामायिक पद्धत, आलं, त्यामुळे अक्षरं दिसतात. पण ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशोब बारा पॉइंटच्या कुरियर नावाच्या फॉन्टवर बांधलेला आहे, जिथं प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी. त्या फॉन्टात देवनागरी नाही, कन्नडही नाही. दुसरा फॉन्ट घुसतो, मात्रा-वेलांट्यांनी ओळ उंच होते, आणि नव्वद पानांवरून लांबी सांगणारा तोंडघशी पडतो. मराठी स्क्रिप्टची वेळ मोठ्यानं वाचून, घड्याळ लावूनच काढावी.

लेखात स्क्राइट हे पटकथेचं दुसरं सॉफ्टवेअर सुचवलं ते याच कारणासाठी. बेंगळुरूच्या टेरिफ्लिक्सनं ते भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून केलंय; रोमन कीबोर्डवर टाइप करत मराठीतून कन्नडमध्ये जाता येतं. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याच्यासाठी फाउंटन. ते सॉफ्टवेअर नव्हे, २०१२ साली आलेली लिहिण्याची साधी पद्धत आहे. मोबाइलच्या कुठल्याही नोट्समध्ये चालते. फाउंटन पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं, आणि ती आपल्याकडे नाहीत. म्हणून नावाआधी ईमेलमधलं ‘ॲट’चं चिन्ह आणि सीनच्या मथळ्याआधी टिंब द्यायचं. एवढं केलं की पुढं कुठंही नेता येतं.

एकाच बाबतीत मी हट्टी आहे. डीटीपी सेंटरवरून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून आणू नका. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो.

राहिला तुमच्या पुतण्याचा प्रश्न. त्यानं लगेच पैसे भरू नयेत. फायनल ड्राफ्टची ट्रायल मिळते, ती घ्यावी. मराठी-कन्नड संवादांचा एक सीन त्यात लिहावा, तोच स्क्राइटमध्ये लिहावा. दोन्हींची पीडीएफ काढून कन्नड माध्यमात शिकलेल्या एखाद्या मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवावी आणि समोर बसून वाचायला लावावं. तो जिथं अडखळेल तिथं सॉफ्टवेअर अडलंय की पुतण्याचं कन्नड, तेही कळेल.