आमचा कॉनर

बडोद्याजवळ कोटंबीचं नवं क्रिकेट स्टेडियम झालं तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरते. बडोद्याने देशाला दिलेले खेळाडू: हजारे, दत्ताजीराव आणि अंशुमान गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया, दोघे पठाण, दोघे पंड्या. परवा मी इथून, इंग्लंडमधल्या कँटरबरीहून, विचारलं की यात कॉनर विल्यम्स कुठाय? दांडिया बाजारातून दादाचं उत्तर तत्काळ आलं, "तो कुठे टेस्ट खेळलाय?"

खेळलाय की! नोव्हेंबर २००१, दक्षिण आफ्रिकेतलं सेंच्युरियन. आधीच्या सामन्यात मॅच रेफरी माइक डेनेसने सचिनसकट सहा भारतीयांना शिक्षा सुनावल्या होत्या. दोन्ही बोर्डांनी मिळून डेनेसला पुढच्या सामन्यातून बाजूला ठेवलं आणि आयसीसीने त्या सामन्याचा टेस्टचा दर्जाच काढून घेतला. नेमका त्याच सामन्यात बडोद्याचा डावखुरा कॉनर भारताच्या सलामीला उतरला होता. समोर दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज पोलॉक खरा, खेळपट्टी खरी, अंगावर येणारा चेंडूही खराच. दप्तरात मात्र टेस्ट शून्य. पुन्हा संधी आलीच नाही.

मी राहतो त्या केंट काउंटीत या माणसाची लोकांनी हौसेने आठवण ठेवली असती. इथला जेम्स सीमोर. वर्षानुवर्षं केंटकडून धावा काढत राहिला, इंग्लंडकडून एकही टेस्ट नाही. १९२० साली त्याच्यासाठी बेनिफिट मॅच झाली, म्हणजे गेटवर जमलेले पैसे खेळाडूला. प्राप्तिकरवाले म्हणाले, ही कमाई आहे, कर भर. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि १९२७ मध्ये निकाल लागला: हा पगार नव्हे, लोकांनी कृतज्ञतेने दिलेली भेट आहे, कर नाही. टेस्ट न खेळलेल्या माणसावरचा लोभ असा कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. मला हे फार आवडतं. थर्मास आणि गुडघ्यावर घोंगडी घेऊन काउंटीचा सामना बघणारे म्हातारे तर त्याहून आवडतात.

दादाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं म्हणणं असं, की "तुमची पोटं भरलेली, म्हणून तुम्हाला न चमकलेल्यांचं कौतुक सुचतं. इथे रणजी खेळणाऱ्या पोराच्या घरी विचार, इंडियाची टोपी नाही मिळाली तर नोकरीचं काय." त्यात तथ्य आहे. त्या काळी रणजीच्या मानधनावर संसार चालत नव्हता. बँकेतली किंवा रेल्वेतली नोकरी हाच खरा आधार. गेटवरचे पैसे देऊन निरोप देण्याइतके आम्ही प्रेक्षक तरी कुठे जमायचो?

पण यादीचं मला पटत नाही ते दुसऱ्याच कारणाने. बडोद्याच्या मोतीबाग मैदानात आम्ही सीमारेषेच्या इतके जवळ बसायचो की फिल्डरच्या बुटातला खडा काढायचा वैतागही दिसायचा. हजारे आणि गुल महंमदची ५७७ धावांची भागीदारी आम्ही आजोबांकडून ऐकली, १९४७ ची. कॉनर आम्ही पाहिला. शतक झालं तरी पाहिला, शून्यावर परतला तरी, आणि संध्याकाळी शेव-उसळ खाताना त्याच्या खेळातल्या खोडी काढल्या. टीव्हीवरच्या माणसाच्या खोडी काढण्यात ती मजा नाही, तो आपला कोणी लागत नाही. (इंग्रज म्हाताऱ्यांचंही हेच असावं, फक्त ते बोलत नाहीत.)

रात्री उशिरा दादाचा पुन्हा मेसेज. यादीत बडोद्याच्याच अतुल बेदाडेचंही नाव राहिलं म्हणे. मी विचारलं, वनडे तेराच, टेस्ट एकही नाही, मग तो कसा चालतो?

"बेदाडे वेगळा," दादा म्हणाला. "शारजाला पाकिस्तानविरुद्ध फायनलमध्ये काय सिक्सर मारले होते, आठवतं?"

ती फायनल आपण हरलो होतो, हे मी लिहिलं नाही.