शॉर्ट बेड म्हणजे ऑटो स्लायडरच? आधी मोजायची टेप काढा

टेक्सासमधल्या आमच्या कॅम्पिंगवाल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज गेले दोन महिने थांबायचं नाव घेत नाही. मला तो चार जणांकडून आला. त्यातला एक न्यू जर्सीचा, ज्याच्याकडे ट्रक सोडा, सायकलसुद्धा नाही. विषय फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात (बेडमध्ये) जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि त्याची हिच, म्हणजे जोडणी. मेसेज असा: शॉर्ट बेड ट्रकवर फिक्स्ड हिच लावली की मागची काच फुटणारच. हाताने सरकवायचा स्लायडर म्हणजे डोकेदुखी, कुणी वापरत नाही. बॉलवर बसणाऱ्या हलक्या हिच म्हणजे जुगाड. तेव्हा ऑटोमॅटिक स्लायडर घ्या, २० हजार पौंडांचा (म्हणजे तेवढं वजन सोसणारा) घ्या आणि निश्चिंत व्हा. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिफ्थ व्हील ट्रेलर बंपरला जोडत नाहीत. त्याचं नाक पिकअपच्या बेडवर येतं, नाकाखालची २ इंच व्यासाची किंगपिन बेडमधल्या हिचच्या जबड्यात अडकते, आणि त्या पिनेभोवती ट्रेलर वळतो. बेड ८ फुटी असेल तर पिन आणि कॅब (ड्रायव्हरची केबिन) यांच्यात ऐसपैस जागा राहते. शॉर्ट बेडमध्ये ती जागा कमी. फिक्स्ड हिच जागची हलत नाही, स्लायडर हिचचं डोकं मागे सरकवून ती जागा वाढवतो. फोर्ड सुपर ड्यूटीचा शॉर्ट बेड पावणेसात फुटी, रॅम २५०० चा ६ फूट ४ इंच. एफ-१५० सारख्या अर्ध्या टनी, म्हणजे हलक्या वर्गातल्या ट्रकांत साडेपाच फुटीही मिळतो. मेसेज या सगळ्यांना ‘शॉर्ट बेड’ म्हणून एकाच पोत्यात भरतो. गडबड तिथूनच सुरू होते.

पहिला मुद्दा काचेचा. ‘फुटणारच’ यातला ‘च’ मला खटकला.

ट्रक सरळ उभा आहे आणि ट्रेलर त्याला काटकोनात आलाय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. ट्रेलरची कूस आता कॅबच्या पाठीला समांतर आहे आणि पिनेपासून ट्रेलरच्या अर्ध्या रुंदीइतकी लांब आहे. ट्रेलर ८ फुटी असेल तर ४८ इंच, साडेआठ फुटी असेल तर ५१. माझ्या पावणेसात फुटी बेडमध्ये पिनेपासून कॅब ४२ इंचांवर आहे. बेचाळिसात अठ्ठेचाळीस मावत नाहीत. म्हणजे पूर्ण काटकोनात लागणार, हे खरं. इथपर्यंत मेसेजवाले बरोबर.

पण काटकोनापर्यंत जायच्या आधी किती वळता येतं, ते मेसेजमध्ये नाही. शाळेतली त्रिकोणमिती काढली तर उत्तर पाच मिनिटांत मिळतं. ट्रेलरचं नाक सपाट, त्याचे कोपरे पिनेच्या रेषेत आणि रुंदी ८ फूट असेल, तर कोपरा कॅबला साधारण ६१ अंशांवर टेकतो. साडेआठ फुटी असेल तर ५५ वर. आता अलीकडच्या ट्रेलरांची नाकं बघा, कोपरे गोलसर कापलेले असतात. तोच ८ फुटी ट्रेलर, पण कोपरे पिनेच्या १२ इंच मागे, तर ७२ अंशांपर्यंत मोकळं वळता येतं. आणि साडेपाच फुटी बेडवर, जिथे पिनेपासून कॅब जेमतेम ३१ इंचांवर असेल, तिथे सपाट नाकाचा ट्रेलर ४० अंशांवरच धडकतो. हिच तीच, ‘शॉर्ट बेड’ हा शब्दही तोच, आणि फरक ३२ अंशांचा.

साध्या चौकात पुढे जात वळताना ट्रेलर मागोमाग वळत असतो, त्यामुळे दोघांतला कोन फार वाढत नाही. कोन वाढतो तो रिव्हर्समध्ये, कॅम्पसाइटवर ट्रेलर लावताना. किंवा पेट्रोल पंपावर चुकीच्या बाजूने घुसून तिथल्या तिथे वळायचा हट्ट धरला तर. आम्ही गार्नर स्टेट पार्कमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हे पुस्तकी ज्ञान घेऊनच गेलो होतो. एका बाजूला ओकचं झाड, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं पिकनिकचं टेबल, आणि बायको वॉकी-टॉकीवर सांगतेय, ‘अजून ये, अजून ये, थांब! अरे थांब म्हटलं ना!’ उतरून बघितलं तर ट्रेलरचा कोपरा आणि कॅब यांच्यात तिची चार बोटं मावत होती. पाचवं मावलं नसतं. कोपरा काचेच्या मधोमध येत नाही हेही तेव्हा कळलं. तो येतो मध्यापासून दोनेक फूट बाजूला, काचेच्या कडेपाशी, आणि बघणारा माणूस नेमका दुसऱ्या बाजूला उभा असतो.

पुढच्या रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन जे आधी करायचं होतं ते केलं. गोगलगायीच्या चालीने रिव्हर्स घेत, बायकोला वळणाच्या आतल्या बाजूला उभं करून, एक वीत अंतर उरेपर्यंत आणलं. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागच्या काचेतून ट्रेलरचा कोपरा कुठे दिसतो ते पाहिलं आणि तिथे निळ्या मास्किंग टेपची उभी पट्टी चिकटवली. डावीकडे एक, उजवीकडे एक. कोपरा पट्टीपाशी आला की ब्रेक, पुढे जायचं, सरळ करायचं, पुन्हा मागे. दोन डॉलरची टेप आहे.

याच मुद्द्याला ग्रुपवर एकाने उपमुद्दा जोडला होता: ‘फिक्स्ड हिचच फूटभर मागे बोल्ट करा, प्रश्न मिटला.’ कृपा करून करू नका. पिन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा इंच-दोन इंच पुढे असावी लागते. ती मागे गेली की ट्रेलरचं वजन ट्रकच्या शेपटीवर बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ६५ मैलांच्या वेगात स्टिअरिंग तुमचं ऐकेनासं होतं. काच वाचवायला जाऊन नको ते गमवाल.

आता हाताने सरकवायचा स्लायडर. यात गुपित काही नाही. बहुतेक स्लायडर हिचचं डोकं १० ते १२ इंच मागे नेतात. माझ्या ४२ इंचांत १० मिळवले की ५२ होतात, आणि साडेआठ फुटी ट्रेलरची अर्धी रुंदी ५१. म्हणजे काटकोन निभावतो, इंचभराने का होईना. रस्त्यावर तो पुढेच लॉक करून चालवायचा आणि कॅम्पसाइटच्या तोंडाशी मागे घ्यायचा. ट्रक-ट्रेलर एका रेषेत ठेवायचे, ट्रेलरच्या चाकांना ओट लावायचा, लिव्हर ओढायचा, ब्रेक कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक धरून ठेवायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. खटकन आवाज आला की लॉक. निघताना उलट. लॉक बसलाय की नाही ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही.

डोकेदुखी होते ती दोनच कारणांनी. एक, लोक ट्रक वाकडा असताना लिव्हर ओढू पाहतात, मग लॉकच्या पिना ताणाखाली अडकतात. दुसरं, रुळांना ग्रीस नसतं. एका मित्राचा स्लायडर अडला म्हणून मी गेलो, तर रुळांत मागच्या उन्हाळ्यातली वाळू, ओकची पानं आणि एक चुरगळलेला बिस्किटाचा पुडा. लिव्हरवर हातोडीचे घाव. त्या हिचचं काय चुकलं? ‘कुणी वापरत नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे. मी नंतर एका ओळखीच्यांचा जुना मॅन्युअल स्लायडर घेतला, तो वर्षात चार वेळा मागे ओढला. पण छत्रीही आपण वर्षात चार महिनेच वापरतो.

खरा राग मला येतो तो ‘२० हजार पौंडांचा घ्या आणि निश्चिंत व्हा’ या वाक्याचा. हिचवर लिहिलेला आकडा हिच किती सोसेल ते सांगतो. तुमचा ट्रक किती सोसेल ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. त्या ‘सामाना’त पिनेवर येणारं वजन आलं आणि हिचचं स्वतःचं वजनही आलं.

समजा, स्टिकर २,३०० म्हणतोय. नवरा-बायको ३२०, बेडमधली पेटी, साखळ्या आणि कूलर मिळून १००. उरले १,८८०. फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनेवर येतो, कधी चौथाही. आता १५० पौंडांची फिक्स्ड हिच लावली तर पिनेसाठी १,७३० उरतात, म्हणजे पाचवा हिस्सा धरून ८,६५० पौंडांचा ट्रेलर. ३०० पौंडांचा ऑटो स्लायडर लावला तर उरतात १,५८० आणि ट्रेलर ७,९०० वर येतो. सुरक्षित राहण्यासाठी घेतलेल्या हिचने ७५० पौंडांचा ट्रेलर खाल्ला. हा हिशेब मेसेज पाठवणाऱ्या एकानेही केलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. वर विक्रेत्याच्या कागदावरचं पिनेचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, आणि या ट्रेलरांचं सगळ्यात मोठं कपाट बेडरूमच्या खाली, पिनेच्या जवळच असतं. आपली मंडळी त्यात काय भरतात ते मला माहीत आहे. बिडाचा तवा, प्रेशर कुकर, १० किलो तांदूळ आणि कोणीतरी हमखास पाटा-वरवंटा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. ते पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून देतात, एका जेवणाच्या पैशांत. भरलेल्या गाडीसकट एकदा त्यावर उभे राहा.

हा हिशेब कळला की बॉलवाल्या हिचला ‘जुगाड’ म्हणताना जीभ अडखळते. अँडरसन कंपनीची ॲल्युमिनियमची हिच जेमतेम ३५ पौंडांची आहे. ती एकटा माणूस उचलून बेडबाहेर ठेवू शकतो, मग सोमवारी त्याच बेडमध्ये होम डेपोतून प्लायवूड आणता येतं. वरच्या उदाहरणात ती लावली तर ट्रेलर ९,२२५ पर्यंत जातो. तोटेही आहेत. ट्रेलरच्या किंगपिनेवर बॉल पकडणारा वेगळा कपलर घट्ट बसवावा लागतो, आणि बेडमध्ये गूसनेकचा बॉल (तळात बसवलेला जोडणीचा गोळा) नसेल तर त्याची सोय आधी करावी लागते. पण तो जुगाड नाही. जुगाड बघायचा असेल तर पिनेला लांबलचक नळीचा गूसनेक अडॅप्टर लावलेले ट्रेलर बघा. त्या लांबीचा सगळा तरफेचा जोर ट्रेलरच्या फ्रेमवर येतो. तसलं काही लावण्याआधी फ्रेमच्या वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

आणखी एक वाट आहे, जिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही: हिच तशीच ठेवून ट्रेलरचा पिन बॉक्स, म्हणजे नाकाखालचा किंगपिन धरणारा भाग, बदलायचा. रीस कंपनीचा साइडवाइंडर वळण्याचा बिंदूच किंगपिनेच्या २२ इंच मागे, ट्रेलरच्या नाकाखाली नेतो. पिन हिचमध्ये पाचरीने घट्ट धरली जाते, तिथे काही फिरत नाही. ४२ आणि २२ मिळून ६४ इंच. काच विसरा. मात्र पाचर कोणत्या हिचला बसते आणि कोणत्याला नाही ते तपासूनच पैसे मोजा.

मग ऑटो स्लायडर वाईट का? अजिबात नाही. पुलराइट कंपनीचा सुपरग्लाइड हा ऑटो स्लायडर मी चालवून पाहिलाय. ट्रक वळला की डोकं आपोआप मागे सरकतं, सरळ झाला की पुढे, उतरायला नको, लिव्हर नको. त्यासाठी किंगपिनेभोवती एक प्लेट पक्की बसवावी लागते, आणि ती तुमच्या पिन बॉक्सच्या आकाराची मिळाली पाहिजे. साडेपाच फुटी बेड, रुंद ट्रेलर, दर शनिवार-रविवारी नवी कॅम्पसाइट आणि दारावरच्या स्टिकरमध्ये जागा, असं असेल तर डोळे मिटून घ्यावा. किमतीत डोळे उघडे ठेवावेत.

जाता जाता एक गोष्ट, जी कोणत्याच हिचने सुटत नाही: बेडच्या कडा आणि ट्रेलरच्या नाकाची खालची बाजू यांतलं उभं अंतर. ते साधारण साडेपाच-सहा इंच हवं. आजकालचे चारचाकी-ड्राइव्हचे ट्रक इतके उंच झालेत की अंतर मिळवायला हिच वर घेतली तर ट्रेलर नाक वर करून चालतो, मागच्या चाकांवर भार जातो. यातही मोजायची टेपच लागते.

मेसेज ग्रुपवर पहिल्यांदा टाकला तो आमच्या मंडळातल्या एका काकांनी. त्यांनी मला गेल्या रविवारी घरी बोलावलं, ऑटो स्लायडरची ऑर्डर द्यायच्या आधी ‘एकदा नजर टाक’ म्हणून. अर्ध्या टनी ट्रक, साडेपाच फुटी बेड, सपाट नाकाचा जुना ट्रेलर, भरून ७,८०० पौंड. काचेपुरता त्यांचाच मेसेज त्यांना तंतोतंत लागू होता. मी दार उघडून स्टिकर वाचला: १,४८०. काका-काकू ३३०, स्लायडर २५०, उरले ९००. पिनेवर येणार १,५६०. काकांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं, मग चष्मा काढून स्टिकर पुन्हा वाचला. काकू पायरीवरून म्हणाल्या, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, लहान घ्या.’ काका म्हणाले, ‘चहा टाक,’ आणि मला विचारलं, ‘बंपरला लागणाऱ्यात बेडरूम वेगळी मिळते का रे?’