एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : ब्रुनोला का ठेवून घेतलं नाही

नमस्कार ताई. रेबीजची चालू लस नसंल तर आमच्या कुत्र्यांच्या होस्टेलला कुत्रं घेत नाही, म्हणून तुमच्या ब्रुनोला ठेवून घेतलं नाही, त्यावरचा रिव्ह्यू वाचला तुमचा. एक स्टार दिलाय त्याचं काही नाही, ज्याची त्याची मर्जी, पण "डॉक्टरची चिठ्ठी दाखवूनही कुत्रं ठेवून घेतलं नाही, लशीच्या पैशासाठी अडवणूक करतात, अमेरिकेत आजारी कुत्र्याला कायद्यानंच सूट असते" असं लिहिलंय तुम्ही आणि ते वाचून बाकीचे गिऱ्हाईक पण फोन करून विचारायलेत, म्हणून इथंच लिहितो म्हणजे सगळ्यांनाच कळंल.

आधी पैशाचं मिटवू. आमच्याकडं लस टोचतच नाहीत हो, हे होस्टेल आहे, दवाखाना नाही. लातूरला सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, प्रायव्हेट डॉक्टर पण आहेत, कुठूनही टोचून आणा, आम्ही फक्त लसीकरणाच्या पुस्तकातलं स्टिकर बघतो, बॅच नंबर, एक्स्पायरी, टोचल्याची तारीख अन डॉक्टरची सही-शिक्का. यात आम्हाला कुणाकडून एक रुपया सुटत नाही.

आता चिठ्ठी. तुम्ही मोबाईलवर जो फोटो दाखवला त्यावर "अ‍ॅलर्जी आहे, लस देऊ नये" एवढंच होतं. कोणती लस, कशामुळं, किती दिवस, काहीच नाही, तारीख नाही, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. तरी मी पुस्तक मागून घेतलं आणि काउंटरवर तुमच्यासमोरच चाळलं. मागच्या वेळेसच्या पानावर एकाच तारखेला दोन स्टिकर चिकटवलेत, एक नाईन-इन-वनचं (बाकीच्या रोगांवरची एकत्र लस) अन एक रेबीजचं. तुम्हीच सांगितलं की त्या दिवशी संध्याकाळी ब्रुनोचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, उलट्या झाल्या. मग ती रिअ‍ॅक्शन रेबीजच्या लशीची कशावरून? नाईन-इन-वनची पण असू शकते की. हे तुमच्या डॉक्टरला विचारलं का, एवढंच मी म्हणलो होतो, त्याचं "मालक स्वतःलाच डॉक्टर समजतो" झालं रिव्ह्यूत. असं झालेल्या कुत्र्याला पुढच्या वेळेस डॉक्टर लोक दोन्ही लसी वेगवेगळ्या दिवशी देतात, आधी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात आणि टोचल्यावर अर्धा-पाऊण तास तिथंच बसवून ठेवतात.

काही कुत्र्यांना खरंच लस चालत नाही, हे मला मान्य आहे. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, स्टिरॉईडचा मोठा डोस चालू आहे, किंवा शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मारायलंय, अशा वेळी डॉक्टर लस पुढं ढकलतात, लशीच्या माहितीपत्रकात पण निरोगी जनावरालाच द्या म्हणून लिहिलेलं असतं. ते ठरवणं डॉक्टरचं काम, माझं नाही. तुमचं समाधान होत नसंल तर आपल्या उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, एकदा तिथं दाखवा, सोबत पुस्तक घेऊन जा.

राहिलं अमेरिकेचं. तिकडं अख्ख्या देशाला एकच कायदा नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. तुमची मुलगी कॅलिफोर्नियात असती म्हणालात म्हणून तिथलाच वाचला. लशीनं कुत्र्याच्या जिवाला धोका आहे असं डॉक्टरनं लिहून दिलं तर तिथं 2012 पासून सूट मिळते, हे बरोबर आहे तुमचं. पण ती दरवर्षी नव्यानं घ्यावी लागती आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागती. आणि त्याच कायद्यात पुढं लिहिलंय की सूट मिळालेलं कुत्रं लस न झालेलंच धरायचं, आणि आरोग्य अधिकाऱ्यानं ठरवलं तर मालकाच्या घरीच ठेवायचं आणि बाहेर काढलं तर 6 फुटाच्या आतल्या पट्ट्यानं मोठ्या माणसाच्या हातात. म्हणजे ज्या कायद्याचं नाव घेऊन तुम्ही आमच्यावर चिडलात त्या कायद्यानं सुद्धा ब्रुनोला आमच्या अंगणात बाकीच्या कुत्र्यांसोबत मोकळं सोडायची हमी दिली नसती.

आपल्याकडं 2023 च्या प्राण्यांच्या जन्मनियंत्रण नियमांत पाळीव जनावराच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकलीय. पुण्या-मुंबईला महापालिकेचा परवाना काढायचा तर रेबीजचा दाखला लागतोच. त्यामुळं इथं रेबीजच्या लशीशिवाय घ्यायचं नाही हा नियम मलाच करावा लागतो आणि तो बुकिंगच्या फॉर्मवर मराठीत छापलेला आहे, खाली तुमची सही आहे.

एवढा कडक कशामुळं? आमच्या मागच्या बाजूला शेत आहे, जाळीपाशी मोकाट कुत्री येतात, मुंगसं फिरतात, त्यांच्याकडून रेबीज येऊ शकतो. आमच्याकडं कामाला असलेली पोरं कुत्र्याच्या तोंडात हात घालून गोळ्या देतात. त्यांना मी चावायच्या आधीच घ्यायचे डोस दिलेत, पण घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या लेकराला ब्रुनो नुसता दात लागंल असा झोंबला तरी काय होतं बघा. जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवायची, त्या लेकराला दिवस 0, 3, 7, 28 असे डोस, रक्त निघालं असंल तर जखमेत रेबीजचं सिरम (लगेच काम करणारं औषध) वेगळं, आणि कुत्रं 10 दिवस नजरेखाली ठेवायचं. तुम्ही तर तिरुपतीला गेलेले असणार. ते 10 दिवस कोण बघणार आणि त्या आईबापाला मी काय सांगू, चिठ्ठीचा फोटो दाखवू? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय अन कुत्रं काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्याला इलाज नाही. (आणि लशीनंच रेबीज होतो असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायलंय ते खोटं आहे, त्यात मेलेला विषाणू असतो.)

"आमचं घरातलं कुत्रं आहे, बाहेर जातच नाही" असं पण लिहिलंय. मग होस्टेलला आल्यावर ते घरातलं राहिलं कुठं ताई?

तुमचा अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी फोनपेवर परत केलाय, आला नसंल तर मेसेज करा. उदगीरच्या डॉक्टरनं रेबीजची एकटी लस चालंल म्हणलं आणि टोचून ब्रुनो दोन-तीन दिवस ठणठणीत राहिला तर घेऊन या, आधीचे डोस झालेले आहेत म्हणून पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्यासारखं महिनाभर थांबायला लावणार नाही. नाहीच चालंल म्हणले तर तसं कारणासकट लेटरहेडवर आणा, मग ब्रुनो तुमच्याच घरी राहील आणि आमचा पोरगा सकाळ-संध्याकाळ येऊन खायला-प्यायला घालंल, पट्ट्यावर फिरवून आणंल, रेट होस्टेलपेक्षा कमीच आहे. फक्त दिवाळीत पोरं गावाकडं जातात, म्हणून तुम्ही जायच्या आठवडाभर आधी कळवा.