गाजर-टोमॅटोवर मिथेनॉलचा आळ

गेले काही महिने एक संदेश पुन्हा पुन्हा माझ्याकडे येतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : साखरेच्या पाण्यात गाजर, बीट, टोमॅटो अशी भाजी घालून आंबवलं की मिथेनॉल तयार होतं आणि विषारी दारूने माणसं मरतात ती यामुळेच. उपायही सोपा सांगितलाय. गाळताना पहिली वाटी फेकून द्या, उरलेल्यातली थोडी चमच्यात पेटवून बघा, ज्योत निळी आली तर खुशाल प्या.

मी बरीच वर्षं पदवीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते आहे. या संदेशातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातली दोन वाक्यं जीवघेणी आहेत.

आधी भाजीचं बघू. खमीर, म्हणजे यीस्ट, साखर खातं आणि तिचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. साखरेपासून मिथेनॉल करण्याची सोय त्याच्याकडे नाही. मग भाजी कशाला घालतात? नुसत्या साखरेवर खमिराचं पोट भरत नाही म्हणून. त्याला नायट्रोजन लागतो, क्षार लागतात, थोडा आंबटपणा लागतो, आणि शुभ्र साखरेत यातलं काहीच नसतं. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने मुभा आहे. तिथले हौशी लोक साखरेच्या पाण्यात टोमॅटोची पेस्ट घालतात ती याच कारणासाठी. आपल्याकडे हातभट्टीवाले काळ्या गुळात नवसागर टाकतात, त्यामागेही हेच कारण आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच खमिराला नायट्रोजनचा खुराक. त्याचं नाव घेऊन लोकांना घाबरवलं जातं, पण मिथेनॉलशी त्याचा संबंध नाही.

भाजीतून मिथेनॉल अजिबात येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. भाज्याफळांत पेक्टिन असतं, ज्यामुळे जॅम घट्ट होतो. त्या पेक्टिनला चिकटलेले मिथाइल गट सुटले की मिथेनॉल होतं. किती होतं, ते मोजून बघू. किलोभर गाजरात साधारण १० ग्रॅम पेक्टिन धरा. ते पूर्णच्या पूर्ण मोडलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी मिथेनॉल निघेल फार तर पावणेदोन ग्रॅम. त्याच पिंपात ५ किलो साखर असेल तर इथेनॉल होईल अडीच किलोच्या आसपास. अडीच किलोला पावणेदोन ग्रॅम!

आणखी एक माप बघा. युरोपीय संघाच्या नियमांत फळांपासून गाळलेल्या दारूला शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे साधारण १,००० ग्रॅम मिथेनॉलची मर्यादा आहे, काही फळांना तर त्याहून जास्त सूट आहे. या मर्यादेवर असलेल्या ४० टक्क्यांच्या दारूत लिटरला ४ ग्रॅम मिथेनॉल येतं. डोळे जायला ८-१० ग्रॅमसुद्धा पुरू शकतं. पण तेवढं पोटात जाण्यासाठी दोन लिटरांवर दारू प्यावी लागेल, आणि तेवढ्या दारूतलं इथेनॉलच माणसाला आधी मारील. गोव्यात काजूच्या बोंडूंच्या रसापासून पिढ्यान्‌पिढ्या उर्राक आणि फेणी निघते. बोंडूतही पेक्टिन असतंच.

आता पहिल्या वाटीकडे येऊ. संदेशातला तर्क असा की मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, म्हणजे मिथेनॉल आधी निघून जाणार. हे आकडे शुद्ध द्रवांचे आहेत. भट्टीवरच्या भांड्यात मात्र पाणी, इथेनॉल आणि बाकीचं सगळं एकत्र असतं आणि वाफही एकत्रच उठते. मिथेनॉल पाण्याला घट्ट धरून राहतं, त्यामुळे साध्या भट्टीत ते पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत येत राहतं. सुरुवातीला जास्त येतात ते अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तो उग्र वास त्यांचाच असतो. ते फेकलं की चव सुधारते, विष जात नाही. आपल्या भाषेत तर ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सगळ्यात कडक, मानाची! ती कडक असते कारण तिच्यात इथेनॉल जास्त असतं. तिच्यावरून विषाबद्दल ना इकडचा निष्कर्ष निघतो, ना तिकडचा.

ज्योतीची परीक्षा मी वर्गात दर वर्षी करून दाखवते. एका बशीत मिथेनॉल, दुसरीत इथेनॉल. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात तर दिसतही नाही. इथेनॉलच्या निळ्या ज्योतीला पिवळसर टोक येतं. म्हणजे ‘निळी ती निर्धोक’ हा नियम पाळणारा माणूस नेमकी विषाची बशी उचलील. तिसऱ्या बशीत दोन्ही मिसळून ठेवते, तेव्हा ओळखणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. वासावरूनही नाही, रंगावरूनही नाही.

मग माणसं मरतात ती कशाने? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळीसच्या वर, जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कळ्ळकुरिचीत साठच्या वर. यांपैकी कुठेही आंबवणाऱ्याचं गणित चुकलं नव्हतं. कारखान्यांत लागणारं मिथेनॉल दारू म्हणून किंवा दारूत मिसळून विकलं गेलं होतं. बोटादला तर गोदामातून चोरलेलं सुमारे ६०० लिटर मिथाइल अल्कोहोल पाणी घालून विकलं होतं. त्यात भट्टीवर गाळलेलं काही नव्हतंच. हा प्रकार आपल्यापुरताही नाही. चेक प्रजासत्ताकात २०१२ साली असंच मिथेनॉल बाटल्यांत भरून विकलं गेलं आणि सरकारला २० टक्क्यांवरच्या सगळ्या दारूची विक्री काही दिवस बंद करावी लागली.

म्हणूनच या संदेशाचा मला राग येतो. दोष जातो गाजराला, गुळाला, पिणाऱ्या गरिबाच्या अडाणीपणाला. पिंप कुठल्या गोदामातून निघालं, कोणाच्या सहीने निघालं, हे कोणी विचारत नाही. आणि वाटीभर फेकून, काडी लावून बघितलेला माणूस निर्धास्त होऊन पितो.

घरी गाळणं निर्धोक आहे, असं यातून कोणी काढू नये. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना गाळणं गुन्हा आहे. धोकेही खरेच आहेत : अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात, रसायनांच्या जुन्या पिंपांतला गाळ आंबवलेल्या पाण्यात उतरतो, शिशाच्या डाखातून शिसं उतरतं. फक्त ते या संदेशात नाहीत.

मिथेनॉल पोटात गेलं तर पहिले काही तास साध्या नशेसारखेच जातात, म्हणून घरचे झोपू देतात. शरीर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं सुरू होतं. लिंबू, ताक, उलटी यांत एक मिनिटही घालवू नका. फोमेपिझोल नावाचा उतारा किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं इथेनॉल, आणि डायलिसिस, हे उपचार रुग्णालयातच होतात. त्याच बैठकीत प्यायलेल्या बाकीच्यांनाही सोबत न्या, त्यांना अजून काही होत नसलं तरी.