बेडजवळची ओव्हर: आधी अर्ध्या तासाचा हिशेब करा, मग स्वभावावर बोलू

एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची) तपासणी जवळ आली किंवा एखाद्या वॉर्डात मोठी चूक झाली, की सिस्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ येऊन पडते: ‘उद्यापासून सर्व वॉर्डांत ओव्हर बेडजवळच द्यायची आहे.’ ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती आणि सामान पुढच्या सिस्टरकडे सोपवणं; एरवी ती टेबलावर बसून उरकते. आठवड्याभरात कुरबुर सुरू होते. महिन्याभरात दोघीतिघींचं बोलणं बंद होतं. मग अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) ऑफिसात निष्कर्ष निघतो, की जुन्या सिस्टर बदलायला तयार नाहीत.

मला हा निष्कर्ष अजिबात मान्य नाही. बेडजवळची ओव्हर यायलाच हवी. संपलेलं सलाईन, सुजलेली आयव्ही साइट (शिरेतल्या सुईची जागा), पाठीवरचा लाल चट्टा, भरलेली युरोबॅग (लघवीची पिशवी) टेबलावर बसून दिसत नाही. पण तिच्यापायी होणारी बहुतेक भांडणं मिनिटांवरून होतात, आणि ही मिनिटं कोणाच्या खात्यातून जाणार हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं.

साधं गणित करा. तीस बेडचा मेडिसिन वॉर्ड, दोन भागांत वाटलेला. एका सिस्टरकडे पंधरा रुग्ण, त्यातले पाच गंभीर. गंभीर रुग्णाला तीन मिनिटं, स्थिर रुग्णाला एक. झाली पंचवीस मिनिटं. नार्कोटिकची (कुलपातल्या अमली वेदनाशामकांची) मोजणी, किल्ल्या आणि क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) यांना पाच. म्हणजे अर्धा तास. आता ड्युटीच्या वेळा बघा: सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, रात्री ८ ते ८. कागदावर एका मिनिटाचंही ओव्हरलॅप नाही. टेबलावरची ओव्हर दहा मिनिटांत उरकत होती, तेवढं सगळ्या निमूट सोसत होत्या. अर्धा तास सोसवत नाही. रात्री साडेआठला सुटणाऱ्या बाईची बस चुकते, लोकल चुकते, घरी मूल वाट बघत असतं. ती घाईने ओव्हर देते, घेणारी खोदून विचारते, आणि ठिणगी पडते.

आठवड्याला सहा ड्युट्या धरल्या तर रोजच्या अर्ध्या तासाचे तीन तास होतात, चार आठवड्यांचे बारा. सहा तासांच्या बरोबर दोन ड्युट्या. त्या ड्युटी लिस्टमध्ये ऑफ म्हणून परत द्या, हे माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत. दहा सिस्टरांच्या वॉर्डात महिन्याला वीस ड्युट्यांची सोय करावी लागेल, हे प्रशासनाने मान्य करूनच आदेश काढावा. तेवढं मनुष्यबळ नसेल तर फक्त गंभीर रुग्णांची ओव्हर बेडजवळ घ्या, बाकीच्यांची नर्सिंग स्टेशनवर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका धरली आहे आणि रजेसाठी वेगळे तीस टक्के. पंचेचाळीस रुग्णांमागे दोघी असताना पूर्ण पद्धत लादली, तर खोट्या सह्यांशिवाय काही हाती लागत नाही.

वेळ वाचवायची एक मोठी जागा आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. आपल्याकडे ओव्हरचा बराच वेळ सामान मोजण्यात जातो. चादरी, थर्मामीटर, बीपी अॅपरेटस, ट्रे. हरवलं तर वसुली आपल्याकडून होईल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून मोजणीची विभागणी करा. नार्कोटिक दर ड्युटीला, दोघींनी मिळून मोजायची आणि दोघींच्या सह्या. यात सूट नाही. क्रॅश कार्टला नंबरचं सील लावा, ते तुटलेलं नसेल तर फक्त नंबर टिपायचा. चादरी आणि बाकी इन्व्हेंटरी दिवसातून एकदाच, सकाळी, इन्चार्ज सिस्टरने मावशींना सोबत घेऊन.

दुसरं भांडण अर्धवट कामाचं. पावणेदोनला रक्ताची पिशवी वॉर्डात येते. लावायची कोणी? इथे समजूतदारपणाची अपेक्षा ठेवू नका, नियम लिहून ठेवा. स्टॅट (ताबडतोब द्यायचा) डोस ज्या ड्युटीत लिहिला गेला, त्या ड्युटीनेच द्यायचा. पिशवी जिने लावली तिने पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ थांबायचं, मग दोन वाजून गेले तरी, आणि तो वेळ तिच्या नावावर मांडायचा. स्पंजिंग, राहिलेली नेहमीची तपासणी, डिस्चार्जचे कागद पुढच्या ड्युटीला चालतील. ही यादी इन्चार्जने एकटीने करू नये. तिन्ही ड्युट्यांतली एकेक सिस्टर बसवून करावी, नाहीतर ती पाळली जात नाही.

तिसरं कारण नाजूक आहे. बेडजवळ सगळं उघडं पडतं. पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सिस्टरला नुकतीच बी.एस्सी. होऊन आलेली मुलगी नातेवाइकांसमोर म्हणाली, ‘सिस्टर, इनटेक-आउटपुट लिहिलंच नाहीये’ (रुग्णाच्या पोटात किती पाणी गेलं, लघवी किती झाली याची नोंद), तर तो अपमान महिनोन्‌महिने जात नाही. त्यामुळे ठरवून टाका: बेडजवळ फक्त दुरुस्ती, जाब विचारणं नाही. दिसलेली गोष्ट तिथल्या तिथे नीट करायची, टिपायची, बोलणं नंतर ड्युटी रूममध्ये. नातेवाइकांना पाच-दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगा. एचआयव्ही, मानसोपचाराचा इतिहास, पोलीस केस हे बेडजवळ उच्चारायचंच नाही, केस पेपर दाखवून स्टेशनवर सांगायचं. एचआयव्हीची गोपनीयता तर २०१७ च्या कायद्याने बांधलेली आहे.

बोलायचं काय, याला एसबीएआरचा साचा पुरेसा आहे: आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि पुढे काय करायचं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून तो रुग्णालयांत आला. ‘बेड बारा, हार्ट फेल्युअर, कालची अॅडमिशन. सकाळपासून युरिन १२० एमएल, १२ वाजता फ्युरोसेमाइड ४० एमजी दिलं, ४ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९२. मला तो सुधारतोय असं वाटत नाही. ४ वाजता पोटॅशियमचा रिपोर्ट येईल, बघून डॉक्टरांना लगेच कळवा.’ यातलं तिसरं वाक्य आपल्या सिस्टर गिळून टाकतात, कारण मत द्यायची सवयच लावलेली नसते. ते बोलायला लावा.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं १९४७ चं, बदल कसा घडवायचा याचं तीन टप्प्यांचं मॉडेल आपण सगळ्यांनी व्यवस्थापनाच्या पेपरात लिहिलंय. त्याचा खरा उपयोगी भाग परीक्षेनंतर विसरला जातो. बदलाला ढकलणारा जोर वाढवला तर ताण वाढतो, अडवणारे जोर कमी केले तर बदल पुढे सरकतो. मेमो, सक्ती आणि अचानक राउंड हा ढकलणारा जोर. बसची वेळ, सामानाची वसुली आणि चारचौघांतला अपमान हे अडवणारे. आपण वर्षानुवर्षं पहिल्यावरच भर देतो.

सुरुवात एकाच वॉर्डात आणि दुपारी दोनच्या ओव्हरपासून करा. सकाळी आठला सॅम्पल, राउंड, लिनन सगळं अंगावर असतं. एप्रिल-मे बदल्यांचे महिने, ते टाळा. डेंग्यू-लेप्टोने जमिनीवर गाद्या पडतात तो पावसाळाही टाळा.

तरीही दोघींचं बिनसलं तर दोन-तीन दिवसांत बसवा, कॉरिडॉरमध्ये नाही, रेसिडेंट डॉक्टरांसमोर तर नाहीच. प्रत्येकीला मध्ये न तोडता पाच मिनिटं. इन्चार्जने तारीख, ड्युटी, बेड आणि घडलं ते एवढंच लिहायचं. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द कागदावर येऊ द्यायचे नाहीत. मग दोघींना नक्की काय हवंय ते विचारायचं, ठरलेलं दोन ओळींत लिहायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघायची तारीख टाकायची. इन्चार्जच वादात असेल तर सहायक अधिसेविकांनी बसावं. जातीवरून बोलणं, मारहाण, औषधांची चोरी या गोष्टी या टेबलावर मिटवायच्या नसतात, त्या थेट वर गेल्या पाहिजेत. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, इन्चार्जने मध्ये ‘जाऊ दे ना’ म्हणायचं नाही.

चार आठवडे तीन आकडे लिहा. ओव्हरला किती मिनिटं लागली, किती सिस्टर उशिरा सुटल्या, आणि घरी गेलेल्या सिस्टरला फोन करून किती वेळा विचारावं लागलं. तिसरा आकडा कमी होत नसेल तर ओव्हरमधून नेमकं काय सुटतंय ते शोधा. दुसरा वाढत असेल तर ऑफ दिले गेलेत का ते तपासा, आणि कंत्राटी सिस्टरांचे जादा तासही त्याच रजिस्टरमध्ये, कायम सिस्टरांच्या रांगेतच मांडलेत ना, हेही बघा.